दाराबाहेरचे बूट

पायपुसणं घ्यायचं म्हणून थोरली त्या शनिवारी बाहेर पडली. सुरुवात म्हणाल तर एवढीच. दिवा हवा तर थोडा मोठा करा, पण घाबरण्यासारखं इतक्यात काही नाही. त्या शहरात येऊन तिला जेमतेम पंधरवडा झाला होता. प्रयोगशाळेची किल्ली, ग्रंथालयाचं कार्ड, बसचा पास, सगळं पदरात पडलं होतं. राहिलं होतं ते खोलीच्या दाराशी टाकायचं पायपुसणं. ते घेतलं, शेजारच्याच दुकानात चपला ठेवायची एक लाकडी मांडणी दिसली, तीही घेतली, आणि दोन्ही काखोटीला मारून थोरलीने तिसरा मजला गाठला. मांडणी दाराबाहेर लावली, त्यात आपल्या चपला ठेवल्या, आणि मग कुठे ती खोली तिला आपली वाटली.

थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. चव्वेचाळिशीची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, शेवाळावर संशोधन करायला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळवून एकटी परदेशी निघालेली. धाकटीच्या नवऱ्याने विमानतळावर सगळ्यांदेखत भाकीत केलं होतं, की ताई महिन्याभरात परत येणार. तो हसत म्हणाला होता, पण थोरलीने ते मनात जपून ठेवलं. स्वभावच तसा. लहानपणी दाढ काढायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी भीती वाटते का विचारलं, तर ही म्हणाली, शेजारचीही काढा. आता ही गोष्ट मला तिनेच सांगितलेली, तेव्हा दाढा मोजायला जाऊ नका.

त्या घरात सगळे भाडेकरू बूट घालून थेट पलंगापर्यंत जात. खालच्या मजल्यावर एक विद्यार्थी होता, दारातून वाकून यावं लागे इतका उंच. थोरलीने त्याचं नाव लांब्या ठेवलं होतं. मांडणी पाहून त्याने विचारलं, मॅडम, दुकान काढलंत का? पण चहाला वर आला की तोही निमूट बूट काढू लागला. घरमालकीण तेवढी हसली नाही. खोली देतानाच तिने बजावलं होतं, की पायताणं आत ठेवायची. जिन्यात अडचण होत असेल म्हणून सांगतेय, असं समजून थोरलीने मान डोलावली होती आणि सोडून दिलं होतं.

शनिवार-रविवार ती शहर पाही. पाहण्याचीही तिची तऱ्हा न्यारी. लोक घंटाघराचा कळस बघत, ही त्याच्या पायथ्याच्या दगडांवरचं शेवाळ बघे. एक दिवस अशीच नदीकाठाने जुन्या पुलापर्यंत गेली, कमानींखालच्या ओलीत तासभर रमली, आणि दिवेलागणीला परतली. जिना चढून वर आली तर मांडणीशेजारी बुटांचा जोड.

पुरुषाचे बूट होते. काळे, जाड तळव्यांचे, एका बाजूने झिजलेल्या टाचांचे. नाड्या ओल्या. टोकं दाराकडे.

आपल्याकडे दाराबाहेर परकी पायताणं दिसली की माणूस काय समजतो? पाहुणे आलेत. थोरलीनेही तेच समजून पदराला, म्हणजे तिथे कोटाला, हात पुसले आणि दार ढकललं. दाराला कुलूप होतं. ते तर तिनेच लावलं होतं.

कुलूप काढून पाहिलं, तर आत कुणी नव्हतं. फक्त वास होता. पाण्यात बराच काळ राहिलेल्या लोकरीचा.

तिने लांब्याला हाक मारली. तो वर आला, बूट पाहिले, माझे नाहीत म्हणाला. त्याचा एक पाय त्या बुटात मावलाही नसता, हे खरंच होतं. मग तो घरमालकिणीला घेऊन आला. ती बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली, कठडा धरून.

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. फार वर्षांपूर्वी त्या खोलीत एक भाडेकरू होता. एका रविवारी पूल बघून येतो म्हणून गेला, तो परत आला नाही. नदीने त्याचं प्रेतही परत दिलं नाही. त्यानंतर त्या दाराबाहेर कुणी पायताणं ठेवली, की त्याला कळतं... घरात माणूस आहे, दार उघडेल. मग तो येतो. एका भाडेकरूने रात्रीत खोली सोडली, दुसऱ्याने तर सामानही नेलं नाही.

"मांडणी आत घ्या, नाहीतर खोली सोडा," घरमालकीण हळू आवाजात म्हणाली. "तिसरा मार्ग नाही, बाई."

आता बघा पेच. विद्यापीठाच्या आसपास ही एक खोली शोधतानाच पाय दुखले होते. राहायचा पत्ता नाही तर शिष्यवृत्ती नाही, आणि शिष्यवृत्ती नाही तर विमान. विमानाच्या त्या टोकाला धाकटीचा नवरा दात काढून उभा. मांडणी आत घेतली की प्रश्न मिटत होता. तुम्ही-आम्ही कुणीही घेतली असती, वर देवाला नमस्कारही केला असता.

थोरली म्हणाली, "बाहेरची घाण घरात आणायची नाही, हे मला चालायला लागल्यापासून शिकवलंय. माणसांसाठी मी ते मोडलं नाही. याच्यासाठी मोडू?"

घरमालकिणीने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आणि खाली निघून गेली.

पुढच्या शनिवारी थोरली मुद्दाम भटकायला गेली. संग्रहालय पाहिलं, काचघरातली नेची पाहिली, टेकडीवरून शहराचा फोटो काढून धाकटीला पाठवला. धाकटीने फोनवर विचारलं, ताई, आवाज का असा? थोरलीने सर्दीवर ढकललं. परतली तर बूट मांडणीत. वरच्या फळीवर, ऐसपैस. तिच्या चपला खाली जमिनीवर ढकललेल्या. तिने बूट खाली ठेवले, चपला वर ठेवल्या. बोटांना लागलेला गारवा मात्र रात्री रजईतही गेला नाही.

त्या आठवड्यात लांब्याने चहाला यायचं बंद केलं. पायऱ्या चढून पाय दुखतात म्हणे, त्याच्यासारख्या शिडीला!

मग आला महिन्यातला शेवटचा रविवार. थोरली जुन्या पुलावर गेली. भाडेकरू जिथे गेला तिथेच. कठड्यावरून खाली वाकून नदीला चार शब्द सुनावले म्हणे. ते शब्द तिने मला सांगितले नाहीत. परतली तेव्हा संध्याकाळ नुकती कलली होती, जिन्यातला दिवा लागायचा होता. मांडणीत बूट नव्हते. तिला वाटलं, जिंकले. चप्पल काढली, कुलूप उघडलं, दिवा लावला...

बूट आत होते.

खोलीच्या मधोमध. सकाळीच पुसलेल्या फरशीवर. दारापासून तिथवर नदीचा काळा चिखल, आणि त्यात एकेक ठसा तळव्यासकट उमटलेला. लोकरीचा वास खोलीभर दाटलेला. खिडकी बंद होती, तरी पडदा आतल्या बाजूला फुगत होता, कुणीतरी मागे उभं राहून हलकेच उसासे टाकावेत तसा. बुटांच्या नाड्या बांधलेल्या होत्या. घट्ट. पाय आत असताना बांधतात तशा.

थोरली घाबरून एक पाऊल मागे सरली, हे तिने माझ्यापाशी कबूल केलं. पण तेवढ्यात तिची नजर फरशीवर गेली. पुसलेली फरशी! भीतीची जागा संतापाने घेतली.

"माझ्या घरात बूट घालून यायचं नाही," ती दबक्या पण ठाम आवाजात म्हणाली. "कुणीही असा. बाहेर काढा... आणि मग या."

तिने दार सताड उघडलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाहुण्याला लाज वाटू नये म्हणून, असं ती म्हणते.

बराच वेळ काही झालं नाही. मग मागे नाडी सुटल्याचा आवाज आला. ओली नाडी, सावकाश, एकेका भोकातून. मग दुसरी. मग काहीतरी जड तिच्या पाठीमागून सरकत बाहेर गेलं आणि मांडणीची फळी करकरली.

तिने वळून पाहिलं. बूट बाहेर, खालच्या फळीवर, शहाण्यासारखे. तिच्या चपला वरच. ती हसली. दार लावलं, फडकं घेतलं, चिखल पुसला. आणि पुसता पुसता थांबली. आपण नेमकं काय बोलून बसलो, ते तिच्या तेव्हा ध्यानात आलं. काढा, आणि मग या.

दारापासून टेबलापर्यंत ओली पावलं उमटली होती. अनवाणी. परतीचं एकही नाही.

सकाळी घरमालकीण खोलीचं काय ते विचारायला आली. दाराशी थबकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या उंबऱ्याबाहेर बूट काढले. फरशीकडे पाहता पाहता तिचा चेहरा उतरला.

"तो एकटाच गेला होता," ती कुजबुजली. "मग ही दुसरी पावलं... ही लहानशी, कुणाची?"

खरंच, दोन माणसांची पावलं होती. एक रुंद, एक अरुंद. बूट एकच जोड. थोरलीने पायांतले मोजे दाखवले. कोरडे ठाक, म्हणजे तिची नव्हेत.

"दोघं असोत, नाहीतर वऱ्हाड असो," ती म्हणाली. "अनवाणी आलेत ना? मग मी खोली सोडत नाही."

घरमालकीण पुन्हा त्याबद्दल बोलली नाही. थोरलीने फरशी पुसून काढली. सगळी पावलं गेली, टेबलाजवळचं एक अरुंद पाऊल तेवढं राहिलं. चोळलं, घासलं, शेवाळ सुकवायचा पंखा आणून लावला. सगळा हिवाळा ते ओलंच राहिलं. पहिल्या दिवशी त्याची बोटं टेबलाकडे होती. हिवाळा सरता सरता तिच्या लक्षात आलं, ती आता पलंगाकडे वळली आहेत.

थोरलीने पलंग हलवला नाही.