पहिल्या पायरीपाशी

वारंगा फाट्यावरून एसटी सुटली होती आणि मी तिच्यामागे पळत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला. कंडक्टर माझ्यासाठी बेल मारायच्या भानगडीत पडत नसे, ही पोरगी पोचतेच हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी मागच्या दारातून एक हात पुढे आला. मी तो धरला नाही. आपली आपण चढले.

"कुणी शिकवलं असं पळायला?" हाताच्या मालकानं विचारलं.

"एसटीनं."

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल तेवढा आत जात होता. मी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं… ठरवलं होतं खरं.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आमच्या कॉलेजात हजर. नाव प्रमोद, गाव हट्टा, नांदेडला शारीरिक शिक्षणाचं शिकत होता. विद्यापीठाच्या शंभर मीटर शर्यतीला आमच्याकडून एकच मुलगी जाणार होती. मी, नाहीतर शिला. सरांनी जाहीर केलं, "प्रमोदच्या चाचणीत जिच्या पायात जास्त जोर, तीच जाईल." इकडे घरी बाबांनी बजावलं होतं, निवड झाली तर पळ, नाहीतर यंदापासून याडीबरोबर कापूस वेचायला चल. आमच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि आमची याडी कापूस वेचताना कुणाला बसू देत नाही.

"कसली चाचणी?" मी विचारलं.

"पायऱ्यांची. लांबून पळत यायचं आन् तीन-तीन पायऱ्या टाकत वर जायचं. श्वास कामाला यायच्या आधी पायात किती ताकद असते, ते वेळ आन् वजनावरून कळतं. त्यावरून शंभर मीटर कशा पळाल, ते सांगता येतं."

"पळायच्या आधीच?"

"व्हय."

"मग पळायचं काहून?"

तो गळ्यातली स्टॉपवॉचची दोरी सरळ करायला लागला. मला भलताच आनंद झाला.

कॉलेजला वरचा मजलाच नव्हता, म्हणून त्यानं आमच्या तांड्यामागच्या टेकडीवरच्या सेवालाल महाराजांच्या देवळाच्या पायऱ्या निवडल्या. मी जीव तोडून पळाले. तो वर बसून, पावलांच्या आवाजावर घड्याळ दाबत, त्यातच डोळे घालून होता. आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. पुन्हा पळवलं, पुन्हा तेच. शिला माझ्या कितीतरी पुढे.

"तुमी… एसटीमागं पळता तशा न्हाई पळून राहिल्या."

"तशीच पळून राहिले."

"आकडा खोटं बोलत न्हाई, निलम."

"मग मी बोलून राहिले काय?"

मी पाठ फिरवली. वाईट याचं वाटत होतं की शर्यत हातची गेली, आणि त्याहून वाईट याचं की हा माझ्याबद्दल चुकीचं समजणार.

सकाळी बघते तर हा आमच्या दारात. याडीनं दिलेला चहा घाईनं पिऊन त्यानं जीभ पोळून घेतली.

"एकदा परत पळा. या वेळी घड्याळ बघणार न्हाई."

"मग काय बघणार?"

"तुमाला," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

पायऱ्यांच्या बाजूला तो उभा राहिला. मी पळाले, वर पोचले, आणि मागे वळून पाहते तर हा हसतोय.

"हसता काहून?"

"तुमी पहिल्या पायरीला वाकता. हात लावून कपाळाला लावता, मंग पळता. सगळा वेग तिथंच जातो."

माझा उजवा हात आपोआप कपाळाशी गेला. "मग? देवाच्या पायरीवर तसाच पाय देऊ?"

"मंग शिला न्हाई वाकली?"

"तिनं आल्या आल्याच नमस्कार उरकला. मला दर वेळी हात लावावाच लागतो."

तो खाली मान घालून म्हणाला, "आमी बौद्ध. आमच्या घरी ही रीत न्हाई, म्हणून ध्यानातच आलं न्हाई. पायरी म्हणजे पायरी, असं धरून बसलो. चूक माझी."

चूक कबूल करणारा मुलगा इतका देखणा दिसतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी सरांसमोर, आखाडा बाळापूरच्या एका नव्या दुकानाच्या जिन्यावर आम्ही दोघी पुन्हा पळालो. तिथं देव नव्हता, सिमेंटची पोती होती. माझा आकडा शिलाच्या वर गेला आणि सरांनी माझं नाव पक्कं केलं.

"पण दुसऱ्या येणार तुमी," प्रमोद हळूच म्हणाला. "दुसऱ्या कॉलेजातल्या एका पोरीचा आकडा तुमच्या वर हाय."

"बघू."

नांदेडच्या मैदानावर सुरुवातीच्या रेघेशी मी मातीला हात लावला, कपाळाला लावला. इथं वेग जायची भीती नव्हती, सगळ्याच वाकल्या होत्या. पल्याड, शेवटच्या रेघेमागे प्रमोद उभा होता. बार झाला. त्यानंतर मला फक्त तो जवळ येताना दिसला, आणि मग छातीला फीत लागली. सगळ्यात आधी मला.

"तुमचा आकडा चुकला," मी धापा टाकत म्हणाले.

"तेच कळंना. काय धरायचं राहिलं?"

"तुमी शेवटाला उभे राहणार, हे…" आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मला तुमच्यापाशी लवकर पोचायचं होतं, हे धरायचं राहिलं."

त्याचा डावा गाल आत गेला.

"मंग तपासावं लागंल, निलम. एकदा मी उभा असताना पळ, एकदा मी नसताना."

पहिल्यांदाच तो मला अगं-तुगं करत होता. त्यानं हात पुढे केला. या वेळी मी तो धरला.

"तू नसतानाची चाचणी मी देणार न्हाई," मी म्हणाले.