रिकाम्या खुर्चीवर सोडलेली चाल

वेतकाकांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, आणि तिच्या मागं दुसरी, तिच्याहून लहान. पुढं काम, मागं चूल आणि खाट. पुढच्या खोलीत भिंतभर खुंट्या आणि खुंट्यांना खुर्च्या टांगलेल्या. कोणाची बैठक फाटलेली, कोणाची पाठ उसवलेली. कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि पिंपात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. भिजल्या वेताचा वास, थोडा गवताचा, थोडा साचल्या पाण्याचा, त्या खोलीत असा मुरला होता की काका बाहेर निघाले तरी तो सदऱ्यातून त्यांच्या सोबतीला जायचा. बायको होती तेव्हा म्हणायची, "तुम्ही आलात हे मला दार वाजायच्या आधी कळतं." ती गेली त्याला बराच काळ झाला. तेव्हापासून दार वाजलं काय नि नाही काय, सारखंच.

म्हणून तारमास्तर येऊ लागले ते काकांना बरं वाटलं. आले होते ते आपली हातांची खुर्ची दुरुस्तीला घेऊन. खुर्ची झाली, पैसे चुकते झाले, पण मास्तर काही यायचे थांबले नाहीत. खुर्चीही इथंच ठेवली. "घरी नेऊन कोणाला बसवू?" म्हणाले. जन्मभर तारा ठोकलेला माणूस, बोलता बोलता बोट टेबलावर टकटकायचं. दुपारी जेवणं उरकून गल्ली पेंगायला लागली की ते बुद्धिबळाचा पट बगलेत मारून हजर.

"हत्ती सरळ चालतो, उंट तिरका," मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं.

"आणि हा घोडा?"

"घोडा अडीच घरं. तुझ्यासारखा. निघाला कुठं नि पोचणार कुठं, त्याचं त्यालाच ठाऊक."

हत्ती आणि उंट काकांना चटकन कळले. बैठक विणताना आधी उभे पदर घालायचे, मग आडवे, शेवटी तिरके. पट म्हणजे त्यांना एक चौकोनी बैठकच वाटली. पण डाव जिंकणं काही जमेना. वजीर लवकर बाहेर काढायचे आणि तितक्याच लवकर घालवून बसायचे.

"तू आपलंच विणत बसतोस गड्या," मास्तर म्हणायचे. "समोर एक माणूस बसलाय, त्यालाही काही हवंय, हे तुझ्या ध्यानातच येत नाही."

"तुमच्या मनातलं कळत असतं तर मी तारमास्तर झालो नसतो का?"

मास्तर रागवत नसत. काकांनी भलतीच चाल केली की ते सोंगटी उचलून परत पहिल्या जागी ठेवायचे आणि एवढंच म्हणायचे, "पुन्हा बघ."

मग मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. लेकीनं बोलावून घेतलं. तिच्या गावी डोळ्यांचा चांगला डॉक्टर होता. जायच्या आदल्या दुपारी त्यांनी पट काकांच्याच टेबलावर ठेवला.

"मी नाही तोवर एकटा खेळ. दोन्हीकडून. पण पट फिरवायचा नाही, आपण उठायचं. समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचं. तिथं बसल्याशिवाय तिथलं दिसत नाही. आणि मधेच उठावं लागलं तर समोरच्याची चाल करून मगच ऊठ. रिकाम्या खुर्चीवर चाल सोडून जायचं नसतं."

"का बरं?"

"आमच्या तारेच्या खोलीतली जुनी माणसं म्हणायची. चाल सोडलीस म्हणजे वाट बघतोयस, असा अर्थ होतो."

"कोणाची?"

मास्तर हसले. "ते त्यांनी कधी सांगितलं नाही."

मास्तर गेल्यावर काकांनी एक गोष्ट केली. मास्तरांच्या खुर्चीची बैठक मुळापासून काढली आणि नव्या वेतानं विणली. नवे डोळे घेऊन माणूस येणार, त्याला नवी बैठक. अशी विणली की वाळल्यावर बोट मारलं तर हलगीसारखी वाजावी. आणि इथंच घोळ झाला. कारण खुर्च्या विणणाऱ्यांचा एक रिवाज असतो, नव्या बैठकीवर पहिलं बूड मालकाचं. विणणाऱ्यानं हात फिरवावा, पण बसू नये. तेव्हा काका आपली पांढऱ्याची चाल बसून करायचे, आणि काळ्याची चाल करायला उठून, टेबलाला वळसा घालून, त्या खुर्चीशेजारी उभे राहायचे. मालक येईपर्यंत खुर्ची कोरी राहायला हवी होती.

एका संध्याकाळी काकांनी आपलं प्यादं पुढं सरकवलं आणि दारात दवाखान्यातली आया उभी राहिली. डॉक्टरांची खुर्ची मोडली होती, आत्ताच्या आत्ता हवी होती. काका हत्यारं घेऊन तिच्याबरोबर गेले. परत आले ते दमून, आणि थेट खाटेवर आडवे झाले. चाल काळ्याची होती. ती तशीच राहिली.

सकाळी दार उघडून उजेड आत घेतला तर काळा घोडा बाहेर आलेला.

"मीच केली असेल," काका स्वतःशी म्हणाले. म्हातारपणी माणूस चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतो, त्यातलाच प्रकार. पण जाता जाता सवयीनं त्यांनी मास्तरांच्या बैठकीवर तळवा फिरवला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. बैठकीला झोळ पडला होता. फार नाही. पण वेत खोटं बोलत नाही. मांजर बसलं तर मधोमध वाटीसारखा गोल झोळ पडतो. हा पुढच्या कडेला होता, रुंद आणि उथळ. परक्या घरी आलेला माणूस अवघडून, कडेवर टेकतो ना... तसा.

त्या दिवशी काकांनी पटाला हात लावला नाही. मधलं दार ओढून घेतलं आणि मागच्या खोलीतच काम घेऊन बसले. गल्ली सुस्तावली. कुठं भांडं वाजेना, कुठं माणूस बोलेना. आणि मग दारापलीकडून आवाज आला. कर्र... एकदाच. कोरड्या वेतावर कोणी बसल्या बसल्या अंग हलवलं की येतो तो. हा आवाज काकांनी झोपेतही ओळखला असता. त्यांच्या हातातली पट्टी किती वेळ तशीच धरलेली राहिली, त्यांना कळलं नाही.

भीती वाटली का? वाटलीच. पण माणूस नुसत्या भीतीवर किती दिवस राहणार? मागच्या खोलीत होतं काय? एक खाट, एक ताट, एक पेला. पुढच्या खोलीत निदान कोणी वाट तरी बघत होतं. तिसऱ्या दिवशी काकांनी दार उघडलं, आपल्या जागी बसले आणि उंट बाहेर काढला.

"तुमची..." म्हणाले. ते उठून चहा टाकायला आत गेले. परत आले तर काळ्यानं प्यादं सरकवलं होतं.

मग तसाच परिपाठ पडला. काका चाल करायचे, आत जायचे, कप घेऊन यायचे, तोवर उत्तर आलेलं असायचं. समोर बसून वाट बघितली तर काही हलायचं नाही. नजर काढली की झालं. एकदा काकांनी वजीर नेऊन घोड्याच्या तोंडी दिला. चहा घेऊन आले तर वजीर मेला नव्हता. उचलून परत पहिल्या जागी ठेवलेला होता. काका खुर्चीत टेकले आणि पहिल्यांदाच त्यांनी मास्तरांचा तो शब्द मनावर घेतला. पुन्हा बघितलं. आपल्याला काय हवंय ते नाही, समोरच्याला काय हवंय ते. घोडा कशावर डोळा ठेवून बसलाय, ते प्यादं का थांबलंय. तिरके पदर शेवटी घातले की बैठकीची सगळी जाळी एकदम डोळ्यांपुढं यावी, तसा पट त्यांना दिसला.

चूक केली की सोंगटी मागं. बरोबर असली की उत्तर. काका सुधारत गेले. एक डाव इतका लांबतो का, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. ते बोलायलाही लागले. "आज वेत फार महाग सांगितला हो त्यानं." "गुडघा धरलाय सकाळपासून." समोरून उत्तर यायचं नाही, पण एखाद वेळी वेत हलकेच करकरायचा. मानेनं हो म्हणावं तसा. रोज सकाळी काका बैठकीवरून हात फिरवायचे. झोळ मागं मागं सरकत होता. पाहुणा टेकून बसायला लागला होता.

मास्तर आले ते दुपारीच, जाड भिंगांचा चष्मा लावून.

"तू एवढा म्हातारा आहेस हे मला आजच दिसलं," दारातूनच म्हणाले.

"मग ऑपरेशन बिघडलं म्हणायचं."

दोघे हसले. मग मास्तर चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले. लेक त्यांना आता सोडत नव्हती. इथली खोली रिकामी करून ते कायमचे तिकडं निघाले होते. संध्याकाळची गाडी होती.

"कायमचे," काका म्हणाले.

"येईन अधूनमधून."

येणार नाहीत, हे दोघांनाही कळलं. मास्तरांनी आपली खुर्ची पाहिली. "नवी विणलीस होय रे?" म्हणत ते वळले आणि बसायला वाकले. अजून त्यांचं अंग बैठकीला लागलंही नव्हतं, तोच वेत करकरला. कोणी अंग चोरून एका कडेला सरकावं तसा. मास्तर वाकलेले होते तसेच थांबले. मग हळूहळू ताठ झाले, दोन पावलं मागं आले आणि पटाकडं बघू लागले.

"हा डाव कोणाशी चाललाय?"

काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मास्तरांचं बोट आज टेबलावर टकटकलं नाही.

"चाल कोणाची आहे?"

"माझी."

"दिसतंय का?"

काकांना दिसत होतं. काळा राजा आपल्याच तीन प्याद्यांमागं कोंडला होता. पांढरा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत नेला की शह, आणि राजाला जायला घर नाही. मात. सकाळपासून दिसत होतं.

"एका चालीची मात आहे," काका म्हणाले.

"मग कर." मास्तरांचा आवाज अगदी खाली आला होता. "त्यानंच तुला इथवर आणलंय, कळत नाही का? तुला शिकवलं ते कशासाठी...? डाव संपल्याशिवाय त्याला उठता येत नाही. बसवून ठेवू नकोस रे कोणाला."

"तुम्ही करा ना."

"डाव तुझा आहे. करशील ना?"

"करीन."

"मी गेल्यावर लगेच."

"लगेच."

दारात काकांनी विचारलं, "खुर्ची नेणार ना?" मास्तरांनी वळून आत बघितलं नाही. "राहू दे," म्हणाले. "ती आता माझी नाही."

मास्तर गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले. काका आत आले. बाहेरचा उजेड उतरत होता, खुंट्यांवरच्या खुर्च्यांच्या सावल्या भिंतीवर लांबत चालल्या होत्या. त्यांनी हत्तीकडं हात नेला. मागच्या खोलीतून चुलीच्या राखेचा गार वास आला. तिथली खाट त्यांना इथून दिसत होती. एक ताट, एक पेला. हात हत्तीवर टेकायच्या आधीच वळला आणि त्यांनी कडेचं एक प्यादं पुढं सरकवलं.

"चहा टाकतो," ते म्हणाले. समोर बघवलं नाही त्यांना.

आले तेव्हा प्यादं परत मागं होतं.

त्यांनी दुसरं प्यादं सरकवलं. तेही मागं. उंट हलवला. उंट मागं. तो दिवस गेला, दुसरा गेला. कोणतीही चाल उभी राहीना, एक सोडून. सकाळी त्यांनी बैठकीवर हात फिरवला तर झोळ पुन्हा पुढच्या कडेला आला होता. पण हा आता पाहुण्याचा नव्हता. हातांवर भार देऊन उठू बघणाऱ्या आणि उठता न येणाऱ्या माणसाचा होता तो, कडेचे पदर तुटायला आलेले.

"बसा की," काका अजिजीनं म्हणाले. "थोडं बसा अजून."

कामात जीव घालावा म्हणून ते खुंटीवरची एक खुर्ची काढायला गेले. कालच विणून टांगली होती, वेत अजून ओला होता. ओला वेत वाळताना आवळत जातो, ढिला होत नाही. पण हिच्या बैठकीला झोळ होता. पुढच्या कडेला. त्यांनी शेजारचीवर हात ठेवला. मग तिच्या पलीकडचीवर. आठवडाभरात विणलेली एकही कोरी राहिली नव्हती.

काका सावकाश मागं सरत आले आणि आपल्या जागी बसले. पाठीमागं भिंत होती, भिंतीवर खुर्च्या होत्या. त्यांनी हत्तीवर बोट ठेवलं. तेवढ्यात मागून वेत करकरला, कर्र... मग दुसरा, मग आणखी वरून एक. मात जवळ आली की बघणारे जसे खांद्यावरून पुढं वाकतात, तसे.

"बघतोय," काका पुटपुटले. "बघतोय मी अजून..." आणि त्यांनी हत्तीवरचं बोट उचलून घेतलं.

खोली गप्प झाली. मग एकच करकर आली, सगळ्यांच्या मागून, अगदी वरच्या खुंटीवरून. तिथं लहान मुलाची एक छोटी खुर्ची टांगलेली होती. तिचा जुना वेत काकांनी कापून टाकला होता. नुसती चौकट उरली होती आणि चौकटीला रिकामी भोकं. तिची बैठक त्यांनी अजून विणलीच नव्हती.