मागच्या गल्लीतलं दार

दार लोटून घ्या, आणि फोन उलटे ठेवा सगळ्यांनी. हे मी बनवून सांगत नाहीये. माझ्या साडूवर बेतलं होतं, त्याच्याच तोंडून ऐकलंय.

तो गाईड होता. जुन्या बाजारपेठेतून लोकांना पायी फिरवायचा. रोज संध्याकाळी साडेसहाला घंटाघरापाशी जमायचं. मग दगडी टपाल कचेरी, तीन पिढ्यांचं घड्याळांचं दुकान, बेकरी, आणि शेवटी जळकं हॉटेल. बोलण्यात असा पटाईत, की विजेच्या खांबाचाही इतिहास सांगेल आणि तुम्ही माना डोलवाल.

ते हॉटेल एके काळी गावात सगळ्यात मोठं. साठ वर्षांपूर्वी आग लागली, अकरा माणसं गेली. तेव्हापासून बंद. खिडक्यांवरची काजळी अजून दिसते. आचाऱ्याचा मात्र पत्ताच लागला नाही. ना जिवंत, ना मेलेला. साडूनं नेमका तोच धरला. म्हणायचा, "आचारी कढई चुलीवर तशीच टाकून मागच्या दारानं पळाला... आणि जाताना बाहेरून कडी लावून गेला!" इथं थांबायचा. टाळ्या पडायच्या.

काय म्हणालास? खरंच लावली होती का कडी? अरे, मीही त्याला हेच विचारलं होतं. हसला. म्हणाला, "अहो, कडीशिवाय रंग भरत नाही." स्वतःच रचलेली ती.

हॉटेलासमोर बटणांचं एक दुकान होतं. दुकानातल्या बाई सत्तरीला टेकलेल्या. सगळे त्यांना बटणवाल्या मावशी म्हणायचे. एकदा त्यांनी साडूला आत बोलावलं.

"तुम्ही पाहिलं होतं का हो त्यांना पळताना?"

"कुणाला, मावशी?"

"माझ्या वडिलांना."

 आचाऱ्याला मुलगी असेल, ती रोज समोर बसून ऐकत असेल, हे साडूच्या गावीही नव्हतं.

"पळाला म्हणायचे लोक, ते मी लहानपणापासून सोसलं," मावशी म्हणाल्या. "कडीचं कुणी म्हणत नव्हतं. ती तुम्ही आणलीत. साडेसात वाजले की मी शटर ओढून घेते. तरी ऐकू येतं हो."

"बघतो, मावशी."

बघतो म्हणाला, आणि बघितलं काही नाही. टाळ्या सुटत नव्हत्या ना.

मग आला एकोणीस नोव्हेंबर. मंगळवार. त्या दिवशी नऊ माणसं होती फिरायला. घड्याळांच्या दुकानात शिरले, तर मालकानं साडूला बाजूला घेतलं. "कळलं का? बटणवाल्या मावशी दुपारी गेल्या. काउंटरवर डोकं टेकलं, ते टेकलंच."

साडू मला म्हणाला, "तुमच्याशी खोटं कशाला बोलू? वाईट वाटलं मला. पण पहिला विचार मनात आला तो हा, की आता समोर ऐकायला कुणी नाही."

आणि त्यानं सांगितली गोष्ट. कडीसकट. तेव्हा सात चाळीस झाले होते.

टाळ्या पडल्या. मग थांबल्या.

एक आवाज थांबला नाही.

ठक... ठक... ठक...

हॉटेलाच्या आतून येत होता. पार मागच्या अंगाकडून. लोक खूश. एक जण म्हणाला, "वा! आवाजाचीपण सोय केलीय की." साडूला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. "आलोच," म्हणाला, आणि वळसा घालून मागच्या गल्लीत गेला. एकटा.

गल्ली इतकी अरुंद, की हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. आत अंधार. मागचं दार आगीनंतर बुजवून टाकलेलं. त्यानं फोनचा उजेड टाकला. विटा. नुसत्या विटा. हात लावून पाहिला...

भिंत गरम होती.

आणि आतून माणूस बोलला.

"बाजूला व्हा."

ओरडला नाही. अंगावर ओझं असलेला माणूस सांगतो ना, तसं.

साडू बाजूला झाला. त्याच्या अंगावरून गरम झळ गेली. धापा. आणि रडणं... लहान पोराचं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं, तिथं विरलं. मग धापा तेवढ्या परत आल्या. भिंतीत गेल्या.

"बाजूला व्हा."

या खेपेला कुणीतरी कण्हत होतं. बाईमाणूस.

धापा परत आल्या.

"बाजूला..."

पुढचं खोकल्यात गेलं. झळ गेली. झळ आली. आत गेली.

मग काही नाही.

साडू उभा. पळायला वाट मोकळी होती. पळाला नाही. कान भिंतीला लावला...

काही नाही.

"या," तो म्हणाला. हळूच. "या ना बाहेर."

...

"या हो. मी बाजूला झालोय..."

...

भिंत गार होत गेली.

लोक शोधत आले, तेव्हा तो विटा ओरबाडत होता. नखं तुटली होती, बोटांतून रक्त येत होतं. पुन्हा त्यानं कधी कुणाला फिरवलं नाही. मावशींच्या मुलाकडे गेला, म्हणाला, "कडी खोटी होती. मी रचली."  "हे आईला सांगायचं होतंत," मुलगा म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी साडूनं मला त्या गल्लीत नेलं. फरशीवर काळी पावलं होती. अनवाणी. भिंतीतून बाहेर आलेल्या तीन ओळी, टाचा दाबून उमटलेल्या. परत भिंतीकडे गेलेल्या तीन, नुसते चवडे. मी स्वतः मोजल्या.

सफाईवाल्यांनी दुपारी फरशी धुतली. पुढच्या आठवड्यात पुन्हा धुतली, घासून. पाच ओळी गेल्या.

शेवटची, आत जाणारी... ती अजून आहे.