मोकळी हाक

रविवारी दुपारी चार वाजता उकंडाच्या छपरीत बत्तीस माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि त्यातल्या एकतीस जणांना टीव्हीवर चाललेलं फार आवडलं होतं.

बत्तिसावी हंसाबाई. उकंडाची धाकटी बहीण, वय त्रेसष्ट, आवाज असा की ही चुलीपाशी शिंकली तर मोहखेडीच्या फाट्यावर उभी असलेली दारव्ह्याची जीप सुटायची थांबते. हे मी ऐकलेलं सांगतो, पण जीपवाला शपथ घ्यायला तयार आहे.

चोवीस तास नुसते कलेचे आणि संगीताचे माहितीपट दाखवणारी एक वाहिनी असते, हे गावाला त्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. डिश बसवणाऱ्या रामलालला ती मुद्दाम जोडून द्यावी लागली. "हे मागणारे अख्ख्या तालुक्यात तुमीच पह्यले," तो म्हणाला. वाहिनीची माणसं तुरीच्या शेंगा वाळत आल्या तेव्हा येऊन गेली होती. निकिता नावाची पुण्याची मुलगी त्यांची म्होरकी. देवीला बोलावणारा, रात्रभर चालणारा डहाका तिने भर दुपारी वाजवून घेतला, उजेड चांगला असतो म्हणून.

पडद्यावर उकंडा मोठा देखणा दिसत होता. पांढरंफेक धोतर, मागे पिवळी तूर, मांडीवर डहाका. डहाका म्हणजे कोहळ्याएवढा डमरू म्हणा; एका तोंडावर काडी, दुसऱ्यावर बोटं, आणि घुमतो असा की पोटात कोणीतरी कूस बदलल्यासारखं वाटतं. त्याने पहिली हाक घातली:

"ये व माय, डोंगर उतरून ये, पाट मांडला, बसाले येऽऽ"

या शेवटच्या अक्षरातून हंसाबाईची झील, म्हणजे मागून धरायचा सूर, उठायला हवी होती. उठली नाही. वारा आला. शेंगा खुळखुळल्या. एक टिटवी ओरडली. मग उकंडाने दुसरी हाक घातली.

"माही झील कोठी गेली?" हंसाबाई म्हणाली.

"अव थांब ना, पुढं असन," उकंडा म्हणाला. त्याची नजर स्वतःवरून हलत नव्हती.

अकरा हाका झाल्या. अकरा वेळा वारा आला. हंसाबाई सबंध माहितीपटात दिसली ती एकदाच आणि तीही कोपरापुरती. शेवटी नावं आली. त्यात उकंडा होता, कॅमेरे आणणाऱ्या गाडीचा चालक होता, टिटवीचं तेवढं राहून गेलं. हंसाबाई 'सहकार्य : समस्त गावकरी' यात असेल तर असेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हंसाबाईने चहाचं भगोणं उचललं आणि उरलेला चहा उकिरड्यावर ओतून दिला. सात जणांना मिळायचा होता.

आता हा राग नुसता नावाचा होता, असं कोणी समजू नये. अंगात येणं, देवी उतरणं यावर हंसाबाईचा काडीचा विश्वास नव्हता. चाळीस वर्षं डहाक्यावर बसून तिने कितीतरी देव घरच्या भांडणाचे हिशेब चुकते करताना पाहिले होते. तिला ठाऊक होतं ते कसब. जात्याला दोन तळ्या, तशी डहाक्याला दोन माणसं. एकाने हाक घालायची, दुसऱ्याने लगेच झील देऊन तिचं बूड बांधायचं. मधे सुईएवढी फट नको. "हाक मोकळी सोडू नोको," बाप शिकवताना म्हणायचा. "मोकळ्या हाकेले कोनीबी ओ देते." कोण देतं, ते त्याने सांगितलं नाही. हिनेही विचारलं नाही. भाकरी टाकण्याआधी तवा तापवतात, तसाच तो एक नियम. उकंडाचा पहिला झीलकरी पांढरकवड्याला ट्रकवर गेला तो तिकडचाच झाला. त्याच वर्षी नवरा वारून हंसाबाई माहेरी आली आणि भावाच्या डाव्या हाताला बसली. गाव दोन वर्षं कुरकुरलं, मग गप्प झालं. तिच्या चाळीस वर्षांत एक हाक मोकळी गेली नव्हती.

सोमवारी सकाळीच तिने पुण्याला फोन लावला.

"मावशी! पाहिलंत का?" निकिता खुशीत होती.

"पाह्यलं. माही झील कायले काढली?"

"तुमचा माइक वेगळा होता ना, म्हणून काढता आली. काकांच्या हाकेनंतर जे मौन येतं ना मावशी, ते फार भिडतं लोकांना. त्या मौनात प्रत्येकाला स्वतःला काहीतरी ऐकू येतं."

"ऐकू येते? पोरी, तुह्या घरी पंगतीत वरन वाढून भात काढून घेतेत काय व?"

"तसं नाही हो..."

"मंग कसं? मोकळ्या हाका सोडल्या तुनं. अकरा! घाल त्या परत."

निकिताने समजावलं. माहितीपट वाहिनीच्या ताब्यात गेला होता. महिनाभरात अजून सात वेळा दाखवणार होते. बदल करायचा तर वरची परवानगी लागते. हंसाबाईने त्या वरच्यांच्या वरच्यांनाही जे म्हणायचं ते म्हटलं आणि फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी बारा वाजता ती एकटीच टीव्हीपुढे बसली, सुपात तूर घेऊन. शिव्या द्यायच्या तर समोर पाहून द्याव्यात, हा तिचा स्वभाव. पहिली हाक झाली. वारा आला. आणि वाऱ्याच्या अगोदर, अगदी काठावर, कोणीतरी श्वास घेतला.

तिने सूप खाली ठेवलं.

झील देणारा माणूस हाक संपण्याच्या जरासा आधी दम भरतो. तोच तो श्वास. माइकमध्ये आपलाच राहून गेला असेल, असं तिला वाटलं. पण बापाने तिला दम नाकाने भरायला शिकवलं होतं. हा श्वास तोंडाने घेतलेला होता, थोडा ओला, आणि घाईचा. दुसऱ्या हाकेला पुन्हा आला. अकराच्या अकरा हाकांना आला.

त्या संध्याकाळी उकंडा ओसरीतून म्हणाला, "हंसे, चहा ठेव." ती म्हणाली, "ठेवते." तो तसाच मान डावीकडे कलती करून बसला, कोणी काही बोलायची वाट पाहिल्यासारखा.

"ठेवते म्हनलं ना दादा!"

"हो, हो," तो दचकून म्हणाला. "लांबून आला तुहा आवाज. वावरात होती काय?"

ती चार हातांवर होती.

गुरुवारी सकाळी दहाच्या प्रसारणाला तिने रामलालला बोलावून ठेवलं. आवाजात खरखर येते, पाहून जा, एवढंच सांगितलं. पहिली हाक झाली आणि श्वासामागून बारीक, दबका "जी" आला. झील जिथून उचलतात, तो "जी".

"वारा हाय बाई," रामलाल म्हणाला.

"अजून आयक."

दुसऱ्या हाकेचा "जी" जरा जवळून आला. रामलालने रिमोट जपून खाली ठेवला. त्याला एकाएकी आठवलं की दिग्रसला एक डिश बसवायची आहे. "तुमचाच आवाज असन," उंबऱ्याबाहेर गेल्यावर तो म्हणाला.

"माहा आवाज मले समजत नाई का रे, भुसनळ्या!" हंसाबाई त्याच्या मोटारसायकलीमागून ओरडली.

उकंडाला मात्र ते छान वाटू लागलं होतं. दुपारी त्याने डहाका काढला, एक हाक घातली, हंसाबाईने झील दिली. तो हात थांबवून म्हणाला, "दोन आवाज येऊन राह्यले, हंसे. एकच काढत जा. थो जवळचा बरा हाय."

"जवळचा म्हंजे कोनता?"

"हाच," तो म्हणाला, आणि आपल्या डाव्या खांद्याकडे बोट केलं. हंसाबाई त्या दिवशी पायरीवर, त्याच्या समोर बसली होती.

तिला भीती वाटली असेल का? वाटली असेल. पण भीती वाटली की हंसाबाई चिडते, आणि चिडली की कामाला लागते. रविवारी चारच्या ठोक्याला ती टीव्हीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली. पडद्यावरच्या उकंडाने हाक घातली, आणि शेवटच्या अक्षरातून तिने झील उचलली:

"बसाले ये जी, जी जीऽऽ"

शेजारची कोंबडी टोपल्याखाली फडफडली. अकरा हाका, अकरा झिली. फट म्हणून ठेवली नाही. श्वासाला आत यायला जागाच मिळाली नाही. दारात पोरं जमून हसत होती. "आजी टीव्हीसंगं भांडून राह्यली!" तिने चप्पल फेकली, पण झील सोडून नाही.

त्या संध्याकाळी तिने एकदाच हाक दिली आणि उकंडाने "काय व, कायले कल्ला करतं?" असं रागावून विचारलं. तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याला साखर जास्त घातलेला चहा दिला.

मग ठरलंच. वाहिनीच्या वेळा तिने कोळशाने भिंतीवर लिहून काढल्या. मंगळवार बारा. शुक्रवार पहाटे साडेपाच. लग्नाचं आवतण आलं, गेली नाही. एकदा वीज गेली, तर डोक्यावर पदर खोचून धावत फाट्यावरच्या हॉटेलात गेली, तिथल्या इन्व्हर्टरवर वाहिनी लावायला लावली आणि ट्रकवाल्यांच्या पुढ्यात अकरा झिली दिल्या. एकाने दहाची नोट पुढे केली. तिने ती त्याच्याच भज्याच्या पुड्यात खुपसली.

महिना संपला. शेवटचा रविवार तिने राखला. आठही प्रसारणं संपली. सोमवारी तिने नुसतं खात्री करायला म्हणून निकिताला फोन केला.

"आता नाई ना दाखवत?"

"मावशी, मीच तुम्हाला फोन करणार होते! आपल्या माहितीपटाला बक्षीस मिळालंय. आता तो वाहिनीच्या मोबाइल ॲपवर ठेवलाय."

"म्हंजे काय?"

"म्हणजे आता वेळ-बीळ काही नाही. ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेव्हा, जगात कुठेही बसून बघावं."

हंसाबाई भिंतीवरचा कोळसा बघत राहिली.

"किती जनाईनं पाह्यला?"

"थांबा हं. परवा संध्याकाळपासून... चार हजार दोनशे. मावशी? ऐकताय ना?"

"काढून टाक थो!" हंसाबाईचा आवाज फाटला. "आत्ताच्या आत्ता काढ! कोन कवा पाह्यते मले कसं समजन? कोनाकोनाच्या घरी जाऊन झील देऊ म्या? माहा भाऊ हाय थो! तुहं मौन घाल चुलीत!"

"मावशी, तुमचं नाव टाकायचं मी नक्की बघते..."

"नाव नोको मले! झील घाल!"

फोन कटला. तिने कापला की तिकडून कापला गेला, कळलं नाही.

ओसरीतून डहाका ऐकू येत होता.

ऊन अजून अंगणात होतं. उकंडा भिंतीला टेकून, मांडीवर डहाका घेऊन बसला होता. बोटं सुरेख चालत होती. हंसाबाई त्याच्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ.

"दादा, हाक घाल. म्या बांधते. पाह्यटेलोक घाल, म्या हाटत नाई."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हाक घातली.

तिने झील दिली. चाळीस वर्षांत दिली नसेल अशी. रागाने, छाती फाडून, कानशिलं ठणकेपर्यंत. वेशीवरची कुत्री भुंकली.

उकंडाने तिची झील चालू असतानाच मान डावीकडे कलती केली. ऐकलं. समाधानाने हलवली. आणि ताल अर्धी मात्रा उशिरा उचलला.

तिथे दुसऱ्या कोणाची तरी झील संपत होती.

हंसाबाईने पुन्हा झील दिली. पुन्हा तो अर्धी मात्रा थांबला.

तिसरी. चौथी. तिचा घसा बसत चालला. त्याचा डहाका रंगत चालला.

ती उठली. वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला गेली, आपल्या जागेवर, आणि बसायला वाकली.

उकंडाने काडी थांबवली. वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलताना असते, तेवढी अदब होती.

"बाई, तुमी जरा तिकडं बसा ना," तो म्हणाला. "इथं आमची हंसा बसते."

तिने तोंड उघडलं. दमही भरला. आवाज आला नाही.

"लय दुरून आल्या वाटते," उकंडा हळहळला, आणि घराकडे मान वळवून म्हणाला, "हंसे, या बाईले पानी आन व."

रिकाम्या घरात माठावरचं झाकण सरकलं.