पेटीखालचं मडकं

हवामान खात्याचे शुऐब उस्ताद त्रिपोलीहून दोन दिवस धूळ खात आले ते रागातच. आसपासच्या तिन्ही ठाण्यांवर दुपारी त्रेपन्न अंश, आणि या एकाच ठाण्यावर महिनाभर सेहेचाळीस!

"अंथरुणात लोळून आकडे लिहितोस," ते इथल्या निरीक्षकाला, मिफ्ताहला म्हणाले. "आज तुझी नोकरी गेली समज."

मिफ्ताहची आई, हाज्जा तिब्रा, घराच्या दारातून उठली. "पोराचं नाक बघा, उस्ताद. तीनदा सोललंय. अंथरुणात नाक सोलतं का कुणाचं?"

वाळवंटात चार पायांवर पांढरी पेटी उभी होती. भिंती झडपांच्या, वारा आत जावा पण ऊन नको म्हणून. दार उत्तरेला. उस्तादांनी स्वतः वाकून पारा वाचला.

सेहेचाळीस.

आपलं तापमापक काढून शेजारी टांगलं. तेही सेहेचाळीसवर उतरलं. वीस पावलं दूर, छत्रीच्या सावलीत धरलं, तर त्रेपन्न. मग त्यांचं लक्ष पेटीखाली गेलं.

"हे मडकं कुणाचं?"

"माझं," तिब्रा ताठ मानेनं म्हणाली. "वाटसरूसाठी. इथं दुसरी सावली आहे कुठं?"

"अहो हाज्जा, मडकं झिरपतं! भोवतालची हवा गार होते. पेटीपाशी ओलावा चालत नाही."

"उम्मी, मी सांगितलं होतं ना!" मिफ्ताह कळवळला.

"गप रे. तहानलेला माणूस तुझे आकडे पिणार आहे?"

उस्ताद हसले नाहीत. ते मडक्याकडे बघत राहिले. "मडक्यानं फार तर एखादा अंश उतरेल. सात कसे उतरतील?" मग विचारलं, "रोज भरता?"

"रोज पहाटे. दुपारी कोरडं ठणठणीत."

"पितं कोण?"

"महिन्यात इकडं कुणी फिरकलेलं नाही," मिफ्ताह हळूच म्हणाला.

"मी काय पहारा देत बसते?" तिब्रा खेकसली. पण मडकं उचलायला वाकली तेव्हा तिनं वाळू नीट पाहिली. त्या तिघांची सोडून एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

रिकामं मडकं जड लागलं. ते टेकवलेला डावा खांदा घरापर्यंत गार पडत गेला.

अर्ध्या तासानं उस्तादांनी पुन्हा दार उघडलं.

त्रेपन्न.

सात अंशांचा हिशेब लागत नव्हता, तरी त्यांनी वहीत लिहिलं: यंत्र ठीक, निरीक्षक प्रामाणिक, दोष मडक्याचा. खाली सही ठोकली. मिफ्ताह मटकन वाळूतच बसला आणि हसत सुटला. उस्तादांनी गोड चहाचे तीन पेले रिचवले. "नोकरी वाचली," ते जाता जाता म्हणाले. "आता आईला सांभाळ. पाऱ्यापेक्षा तीच जास्त तापते."

गाडीची धूळ खाली बसली. मिफ्ताह पेटीकडे गेला, शीळ घालत. कित्येक दिवसांनी तिब्राच्या छातीवरचा धोंडा उतरला. सवयीनं तिनं मडकं काठोकाठ भरलं, खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पाय पसरून टेकली.

हुश्श केलं.

तोंडातून वाफ निघाली.

बाहेर ऊन रटरटत होतं. इथं तिचा श्वास पांढरा दिसत होता.

कोपऱ्यात, मडक्याच्या तोंडाशी, दुसरी वाफ उठत होती. संथ. तिच्यापेक्षा लांब श्वासाची.

तिब्रानं ओढणी खांद्यावर घट्ट घेतली.

"पी बाबा, हवं तेवढं पी," ती म्हणाली. "पण माझ्या पोराच्या पेटीत पुन्हा जाऊ नकोस."

वाफ थांबली.

मग घोट गिळल्याचा आवाज आला.