गुरुवारच्या तक्रारी

बायको, त्रुस, गेल्याचं कळलं तेव्हा हार्मेन बाऊमा कचरा केंद्राच्या फाटकात एका गादीवरून भांडत होता.

गादी जुनी होती, गाडीच्या टपावर दोरीने बांधलेली होती, आणि नगरपालिकेचं कार्ड दाखवल्याशिवाय फाटकावरचा माणूस ती आत घेणार नव्हता. कार्ड घरी कपाटात होतं. हार्मेन त्याला सांगत होता की एकतीस वर्षं मी या गावचा पूल बोटींसाठी उघडला आणि मिटला, इथलं शेंबडं पोरही मला ओळखतं. माणूस म्हणत होता, यंत्र नाही ओळखत. तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिसच्या, शेवटचे दिवस उरलेल्यांना सांभाळणाऱ्या त्या घराच्या, प्रमुख बाई होत्या. त्रुस अगदी शांतपणे गेली, असं त्या म्हणाल्या. हार्मेनने गाडीतलं घड्याळ पाहिलं. दोन वाजून बेचाळीस मिनिटं. फाटकावरच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं आणि कार्ड न मागता गादी सोडवून घेतली.

सकाळी सहापासून तो तिच्या खाटेजवळ बसून होता. जेवण झाल्यावर दिनी नावाच्या स्वयंसेविकेने त्याला उठवलं. त्या झोपल्यात, तुम्ही जरा बाहेर जाऊन या, काहीतरी कामाचं करा, असं ती म्हणाली. म्हणून ती गादी. कचरा केंद्रापासून कालव्याकाठच्या हॉस्पिसपर्यंत गाडीने आठ मिनिटं लागतात.

त्यानंतर हार्मेनला एकच गोष्ट हवी होती. तिची वेळ जवळ आलीय हे तिथे किती वाजता कळलं, आणि मला बोलवायला वेळ होता की नव्हता? प्रमुख बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, चेहरा किती प्रसन्न होता. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, वेदना नव्हत्या. मेहुणी म्हणाली, अरे, ती तू खोलीबाहेर जायचीच वाट बघत होती, काही माणसं तशीच जातात. हे वाक्य दोन महिन्यांत त्याने अकरा जणांकडून ऐकलं. त्यात पाववालाही होता. दर वेळी त्याचं डोकं फिरायचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्रुसने साधं सूप वाढतानाही कधी तो बाहेर जायची वाट बघितली नव्हती.

मे महिन्यात एका दुपारी हॉस्पिसच्या दोन फुलदाण्या परत करायला तो निघाला. पिरपिर पाऊस होता. हॉस्पिसच्या फाटकापाशी एक बाई ओल्या हातांनी सायकलच्या साखळीशी झगडत होती. साठीची असावी. चष्म्यावर पाणी, गालावर काळ्या वंगणाचा फराटा.

या साखळीला शेवटचं तेल कधी घातलं होतं, असं हार्मेनने विचारलं.

“मदत करणार असाल तर करा,” ती म्हणाली. “व्याख्यान मी नंतर ऐकते.”

त्याने फुलदाण्या तिच्या हातात दिल्या आणि खाली बसून साखळी चढवली. ती दोन्ही काखांत एकेक फुलदाणी धरून पावसात उभी राहिली आणि आपण कोण ते सांगत राहिली. नाव रेन्स्के. बावीस किलोमीटरवरच्या गावातल्या हॉस्पिसमध्ये काम करते. या भागातली अशी लहान घरं दर तीन वर्षांनी एकमेकांना तपासतात, या खेपेला हे घर तिच्या वाट्याला आलं होतं. इथे देखभाल कशी होते ते बघायचं, घरच्या माणसांना विचारायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे.

“चार द्या,” हार्मेन खालूनच म्हणाला.

“कशाबद्दल चार?”

त्याने वर पाहिलं. हे त्याला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

“दोन दिवस झाले,” ती म्हणाली, “सगळे मला सांगताहेत की इथे नुसते देवदूत राहतात. देवदूतांची तपासणी कशी करायची सांगा. मला तक्रार करणारा माणूस हवाय.” तिने चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. “तुम्हाला बऱ्यापैकी जमत असावं.”

अशी ती गुरुवारी त्याच्या घरी यायला लागली.

अडतीस प्रश्न होते. हार्मेन कॉफी द्यायचा, डब्यातलं एक बिस्कीट द्यायचा आणि डबा बंद करायचा. मग तक्रारी. सूप कोमट असायचं. ती विचारायची, कोमट म्हणजे किती, जीभ भाजत नव्हती की साय धरत होती? खोलीतलं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. कुणाच्या घड्याळाने पुढे? पहिल्या आठवड्यात एक स्वयंसेविका त्रुसशी बोबडं बोलायची. नेमकं काय म्हणायची? त्याला ते सगळं आठवून सांगावं लागे आणि तो वैतागे. एखाद्या माणसाला साधी तक्रारसुद्धा सुखाने करू देत नाही ही बाई, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं. तिने तेही लिहून घेतलं आणि विचारलं की हे हॉस्पिसबद्दल आहे की माझ्याबद्दल.

ती पेन्सिल कानामागे खोचायची आणि मग टेबलभर शोधायची. हसली की कागदावर हात ठेवायची, जणू कागद बघतोय. नवरा आहे का, असं त्याने एकदा उगाच विचारलं. आहे, ती म्हणाली, पण अकरा वर्षं दुसरीकडे आहे, एका बाईच्या घरी, तिथे त्याची देखभाल चांगली होते असं ऐकते.

तिसऱ्या गुरुवारी हार्मेनकडच्या तक्रारी संपल्या. बुधवारी सगळा दिवस तो आठवत बसला होता. शेवटी त्याने एक तयार केली. खोलीच्या दाराची बिजागरी कुरकुरायची.

रेन्स्केने पेन्सिल खाली ठेवली. “नाही कुरकुरत.”

“कुरकुरायची.”

“मी सकाळी तिथूनच आलेय. सगळी दारं उघडून बघणं माझ्या यादीत आहे. बाऊमासाहेब, तुम्ही खोटं बोलताय.”

हार्मेनचे कान तापले. आपण सहासष्ट वर्षांचे आहोत आणि एका बिजागरीपायी लाजतोय, याचा त्याला भयंकर राग आला. काहीतरी करायचं म्हणून त्याने डबा उघडला आणि दुसरं बिस्कीट तिच्या बशीत ठेवलं. तिने त्या बिस्किटाकडे पाहिलं... मग त्याच्याकडे. तिने ते कुठेही लिहून घेतलं नाही.

पेन्सिल पुन्हा उचलून ती म्हणाली, “आता खरी सांगा. सूप आणि घड्याळ यांचे चार गुण होत नाहीत.”

मग त्याने सांगितलं. गादी, फाटक, दोन बेचाळीस, आठ मिनिटं. आणि कुणीच देत नव्हतं ते उत्तर. सांगून झाल्यावर तो थांबला. आता हीसुद्धा म्हणणार, त्या तुम्ही जायची वाट बघत होत्या. तसं म्हणाली की लगेच दार दाखवायचं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

“मला माहीत नाही,” रेन्स्के म्हणाली. “विचारून येते.”

तो आठवडा हार्मेनला संपता संपेना. त्याने दोनदा खिडक्या पुसल्या. गुरुवारी दाढी केली, मग दाढी केली म्हणून स्वतःवर चिडला.

ती आली ती कोट न काढता बसली. कॉफी नको म्हणाली. तिने त्या दिवसाची नोंदवही वाचली होती आणि दिनीकडे दोन तास बसली होती. त्या दुपारी हॉस्पिसमध्ये दोघी हव्या होत्या, तसा नियम आहे. दुसरी औषधं आणायला गेली होती आणि दिनी एकटी होती. दोन वाजून दहा मिनिटांनी त्रुसचा श्वास बदलला. दिनीला ते कळलं. फोन स्वयंपाकघरात होता.

“दिनी म्हणाली, त्रुसबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता. तो सोडवून फोनकडे जायचं तर तेवढ्यात त्या एकट्या पडल्या असत्या. म्हणून ती गेली नाही. दुसरी परत आली तेव्हा दोन चाळीस झाले होते. सगळं संपलं होतं.”

हार्मेनने टेबलाची कड धरली. “अर्धा तास.”

“हो.”

“मी आठ मिनिटांत पोचलो असतो.”

“हो,” ती म्हणाली. “पोचला असता.”

एवढं सरळ त्याच्याशी त्रुस गेल्यापासून कुणी बोललं नव्हतं, आणि ते त्याला सोसलं नाही. त्याने तिला जायला सांगितलं. ती उठली. सायकलवर बसून गेली.

पुढचे तीन गुरुवार कुणी आलं नाही.

हार्मेनने त्या तीन आठवड्यांत शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण काढलं, पाववाला बदलला आणि जुन्या पाववाल्याकडे परत गेला. एका सकाळी तो हॉस्पिसमध्ये गेला. त्रुसची खोली रिकामी होती. खाटेजवळच्या खुर्चीवरून उठून तो स्वयंपाकघरापर्यंत चालत गेला आणि परत आला. एक मिनिटही लागलं नाही. दिनीने ते एक मिनिट घ्यायला हवं होतं. हे त्याला स्वच्छ दिसत होतं आणि तो ते कुणालाही तोंडावर सांगायला तयार होता. मग तो खुर्चीवर बसला आणि त्याला त्रुसची पकड आठवली. शेवटच्या आठवड्यात ती काही धरायची तर असं धरायची की बोटं एकेक करून सोडवावी लागत. त्याने स्वतः ती सोडवली होती, गादी टाकायला जाताना. त्याच हाताला मग दिनी मिळाली होती.

राग गेला नाही. पण आता राग एकटा नव्हता, त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं, आणि हे कुणाला सांगावं म्हटलं तर एकच माणूस होतं.

सायकलने बावीस किलोमीटर, समोरून वारा. रेन्स्के तिच्या हॉस्पिसच्या मागच्या अंगणात शिडीवर उभी राहून पन्हाळीतला पाला काढत होती. शिडी चुकीची लावली होती. हार्मेनने आल्या आल्या ते सांगितलं आणि शिडी धरून उभा राहिला.

“सात,” तो म्हणाला.

ती वरून बघत राहिली. “चाराचे सात कसे झाले?”

“हाताबद्दल तीन जास्त. आणि लिहा, फोन खिशात हवा. भिंतीवर नाही, टेबलावर नाही, खिशात. आणि कायम दोघीजणी.”

“ते मी लिहिलंय. काल अहवाल पाठवला. फोन आता खिशातच असतो, सोमवारपासून. सातच गुण दिलेत मीही, तुम्हाला न विचारता.”

“विचारायला हवं होतं.”

“तुम्ही मला घालवून दिलं होतं.”

ती पाल्याचे गोळे खाली टाकत राहिली. एक त्याच्या खांद्यावर पडला, मुद्दाम की चुकून ते कळायला मार्ग नव्हता.

“गुरुवारी कुणी येत नाही,” हार्मेन म्हणाला.

“बरं झालं की. तुम्हाला गुरुवारी कुणी आलेलं खपत नव्हतं.”

“नव्हतंच खपत. दर आठवड्याला यायचं, नको ते विचारायचं, पेन्सिली हरवायच्या...” तो थांबला. शिडीची दांडी त्याने दोन्ही हातांनी धरली होती. “आता कुणी येत नाही, ते त्याहून खपत नाही.”

रेन्स्के सावकाश खाली आली. शेवटच्या पायरीवर थांबली. दोघांचे चेहरे आता एका उंचीवर होते. तिच्या केसांत पालापाचोळा होता आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. हार्मेनने तो वर सरकवला. असं काही करायचं त्याच्या मनात नव्हतं, पण करून झालं होतं.

“मी आता परीक्षक नाही,” ती म्हणाली. “नुसती रेन्स्के आहे. अहो-जाहो बंद कर.”

“बरं. रेन्स्के, तुझी शिडी चुकीची लावलीय.”

ती हसली. हात ठेवायला कागद नव्हता, म्हणून तिने हात त्याच्या बाहीवर ठेवला.

आता सप्टेंबर संपत आलाय. गुरुवारी ती येते, रविवारी तो जातो. त्रुसबद्दल दोघं बोलतात. कधीकधी भांडतातही, कारण एक मिनिट घ्यायला हवं होतं असं हार्मेन अजून म्हणतो आणि रेन्स्के म्हणते, मी असते तर मलाही हात सोडवता आला नसता. दिनीने हॉस्पिसचं काम सोडलं, हेही रेन्स्केनेच त्याला सांगितलं. तू तिच्याकडे जा, असं ती कधी म्हणाली नाही.

दिनी शाळेच्या मागच्या गल्लीत राहते. सायकलने चार मिनिटं लागतात. हार्मेन अजून गेलेला नाही.