शंभर पावलं

गाडी बंद पडायच्या आधी माणसाची अक्कल बंद पडते, असं मास्तरीणबाईंचं ठाम मत होतं. सतरा वर्षं त्या मोठ्या रस्त्यावर गस्तीची पिवळी गाडी चालवत होत्या आणि कडेची पट्टी, जिथे अडलेली वाहनं उभी करतात, ती त्यांची शाळा होती. नाव कंट्रोल रूमवाल्यांनी ठेवलेलं. बाईंनी ते मुकाट्याने घेतलं, कारण ते खोटं नव्हतं.

पट्टीवर यायचं ते खरंच अडल्यावर. फोन घ्यायला नाही, फोटो काढायला नाही, पुढची रांग चुकवायला तर मुळीच नाही. आल्यावर चारी इंडिकेटर लावायचे, रहदारीकडच्या दाराला हात न लावता पलीकडच्या दाराने उतरायचं आणि झाडून सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहायचं. गाडीत बसून राहायचं नाही. शेवटचं म्हणजे मागे शंभर पावलं मोजून लाल त्रिकोण मांडायचा. लोक तो हमखास गाडीच्या बुडाशी ठेवत.

"पायपुसणं आहे का हे?" बाई विचारत. "मागून येणाऱ्याला आधी कळायला नको?"

आणि मग भल्याभल्यांना स्वतः चालायला लावत.

नात्यातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक त्रिकोण दिला होता. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आणि बाई एकोणीसच्या. त्याला त्यांनीच वाढवला. जगात त्यांचा जीव कुठे अडकला असेल तर तो त्याच्यात. त्याला दिलेल्या त्रिकोणाचा एक पाय मोडला तेव्हा बाईंनीच निळ्या वायरने तो बांधून दिला. भावाने काय करावं? स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून त्रिकोण दाराला अडसर लावला. त्यावर बाई दर खेपेला त्याला चार शब्द सुनवत.

पुलानंतरच्या वळणावर त्यांना पहिला त्रिकोण दिसला तो सकाळी दहाच्या सुमारास. नीट उघडून, रस्त्याकडे तोंड करून मांडलेला. पुढे गाडी नाही, मागे नाही, कठड्यापलीकडे माणूस नाही. पट्टीवरची बेवारस वस्तू म्हणजे कचरा, असा नियम होता. बाईंनी तो उचलून गाडीत टाकला.

तासाभराने तिथून थोडं पुढे एक टँकर बंद पडला. ड्रायव्हर खाली उतरतोय तोवर मागून ट्रकने धडक दिली. ड्रायव्हर वाचला, पण पाय गेला. सगळं आवरल्यावर बाई सकाळच्या जागेपासून टँकरपर्यंत चालत गेल्या. बरोबर शंभर पावलं भरली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं त्यांनी मनाला समजावलं. संध्याकाळी गाडी धुताना पाहिलं, तर मागे टाकलेला त्रिकोण नव्हता.

पंधरवड्याने त्याच वळणावर पुन्हा त्रिकोण. या वेळी बाईंनी हात लावला नाही. पुढे जाऊन गाडी लावली आणि आरशात नजर ठेवून बसल्या. चाळीस मिनिटांनी एक म्हातारं जोडपं वाफाळलेली गाडी घेऊन पट्टीवर आलं. मागचा ट्रक त्रिकोण पाहून वेळेवर बाजूला झाला.

"आमच्या आधीच मांडून ठेवलात?" आजोबा म्हणाले. "कमाल आहे बाई तुमची."

बाईंनी दोघांना कठड्यापलीकडे उभं केलं आणि मागे चालत गेल्या. शंभर पावलं झाली. तिथे काहीच नव्हतं.

भावाला सांगितलं तेव्हा तो हसला. "ताई, तुझ्या शाळेत शिकून कोण एवढं हुशार झालं गं?"

"कोणी का असेना," बाई म्हणाल्या, "मांडतो मात्र नियमाने." त्यांना खरं तर बरंच वाटत होतं. कारण कळत नसलं तरी पद्धत कळली होती, आणि पद्धत कळली की बाई कशालाच भीत नसत. जे अडणार असेल ते अडेल. त्रिकोण उचलायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

मग एका मंगळवारी त्याच वळणावर तिसरा त्रिकोण दिसला. बाई जवळ गेल्या. एक पाय निळ्या वायरने बांधला होता. गाठ त्यांचीच होती.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "तुझा त्रिकोण कुठे आहे?"

"हा काय, दाराला. आत्ताच ठेच लागली मला."

"ऑफिसला निघालास?"

"निघतोय."

"निघू नकोस. मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

बाईंनी भावाकडे आजवर काही मागितलं नव्हतं, म्हणून त्याने ऐकलं. आठ दिवस घरूनच काम केलं. आठही दिवस त्रिकोण वळणावर उभा होता. पाऊस नाही, वारा नाही, धूळसुद्धा त्यावर बसत नव्हती. नवव्या दिवशी तो दिसला नाही. बाईंनी गाडी हळू करून दोनदा पाहिलं आणि मोठ्याने श्वास सोडला. टळलं. त्यांनी टाळलं होतं. ड्यूटी संपताच, अंगातलं चकाकतं जाकीटसुद्धा न काढता, त्या भावाच्या घरी निघाल्या.

दुपारचे अडीच वाजले होते. गल्ली अरुंद, म्हणून त्यांनी गाडी तोंडाशीच लावली आणि उतरल्या. भिंतीलगत, गल्लीकडे पाठ करून, त्रिकोण मांडलेला होता. निळी वायर उन्हात चमकत होती.

भावाची थट्टा असणार, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण पाय सवयीने मोजू लागले होते. इस्त्रीचं दुकान, पंचवीस. बंद दवाखाना, चाळीस. भावाच्या बैठ्या घराचं फाटक, बहात्तर. फरशीची वाट, दोन पायऱ्या, उघडं दार. नव्वद. बाई मोजत आत गेल्या.

शंभरावं पाऊल खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीपाशी पडलं. खुर्चीत भाऊ चहा पीत बसला होता.

"ऊठ," बाई म्हणाल्या.

"अगं, आलीस कधी? चहा..."

"ऊठ आधी. बायकोलाही घे. दोघं बाहेर जा आणि कुंपणापलीकडे उभे राहा."

त्या आवाजाने सतरा वर्षं लोकांना गाड्यांतून उतरवलं होतं. भाऊ हातातल्या कपासकट उठला. त्याची बायको पदराला हात पुसत आली, बाईंचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता त्याच्यामागे गेली. दोघं कमरेएवढ्या भिंतीपलीकडे जाऊन उभे राहिले. नियमाप्रमाणे.

बाईंनी गॅस पाहिला. बंद होता. पंख्याचा हूक पाहिला, बटणं पाहिली, छताला कुठे तडा आहे का पाहिलं. घर धडधाकट होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि त्याला अडसर म्हणून भावाचा त्रिकोण उभा होता. निळ्या वायरचा. आपल्या जागेवर.

मग गल्लीच्या तोंडाशी होता तो कुठला, हे बाईंनी मनात येऊ दिलं नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. काही पडलं नाही, काही पेटलं नाही. खिडकीतून भाऊ दिसत होता. चहा संपवून त्याने कप भिंतीवर ठेवला होता आणि बायकोला काहीतरी सांगून हसवत होता. नऊ वर्षांचा असताना हसायचा तसाच. बाईंचे डोळे भरून आले. खुर्ची रिकामी केली की झालं, इतकं ते सोपं होतं.

"ताई," त्याने हाक मारली, "येऊ का आता आत?"

"अजून थोडं थांब."

"मग तूही ये ना बाहेर. आत कशाला बसलीस?"

बाईंनी खाली पाहिलं.

त्यांचे हात खुर्चीच्या वेताच्या हातांवर टेकले होते. पाठ टेकली होती. आपण कधी बसलो, हे त्यांना आठवेना. गुडघे दुखत होते, तेव्हा कधीतरी असेल.

उठावं, असं त्यांनी ठरवलं. पाय जागचे हलले नाहीत.

"ताई?" भावाने फाटकाला हात घातला.

बाईंनी तळहात उंच केला. पट्टीवर करायच्या तसाच, ताठ. तिथेच थांब.

तो थांबला.

तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. टिक, टिक, टिक. चारी इंडिकेटर लावले की गाडीत बसलेल्याला ऐकू येतो तो. बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आवाज तिकडून येत नव्हता. तो फार जवळून येत होता, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं.